जमीन संस्थेची, घर सभासदाचं: मराठवाड्यात परवडणारी वसाहत कशी उभी करायची

मराठवाड्यातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या ठिकाणी शहराबाहेर पडलं की प्लॉटिंगचे फलक लागतात. पगारदार माणूस बॉन्डवर, नोटरीवर एक-दोन गुंठे घेऊन ठेवतो. पुढे सातबाऱ्यावर नाव लागत नाही, बँक कर्ज देत नाही, घरकुलाचं अनुदान मिळत नाही आणि मग गुंठेवारी नियमित होण्याची वाट बघत बसावं लागतं. ज्यांच्याकडे पैसा आहे ते चार-चार प्लॉट घेऊन दहा वर्षं मोकळे ठेवतात, आणि शेजारच्या खऱ्या गरजूला तोच प्लॉट तिप्पट भावाने घ्यावा लागतो.

यावर चाललेला उपाय म्हणजे चाळीस-पन्नास कुटुंबांनी एकत्र येऊन सहकारी गृहनिर्माण संस्था काढायची, जमीन घाऊक भावाने घ्यायची आणि तिची मालकी संस्थेकडेच ठेवायची. सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांनी सहकारी संस्थेतूनच १० हजार घरांची वसाहत उभी केली. तेवढा पल्ला गाठायची गरज नाही. दोन एकरांत ४८ घरं बसतात, आणि खाली सगळा हिशेब त्याच मापाने दिला आहे. रुपयांचे आकडे नमुन्यादाखल आहेत, आपल्या गावचा भाव घालून बदलून घ्या.

आधी प्रकार ठरवा

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली गृहनिर्माण संस्थेचे मुख्यतः दोन प्रकार वापरात आहेत. 'भाडेकरू मालकी' प्रकारात जमीन संस्थेची असते आणि सभासद भूखंड दीर्घ भाडेपट्ट्याने घेऊन त्यावर स्वतःचं घर बांधतो. 'भाडेकरू सहभागीदारी' प्रकारात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची असतात. फ्लॅटच्या सोसायट्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारात मोडतात. आपल्याकडच्या बैठ्या घरांसाठी पहिला प्रकार घ्या.

बहुतेक गट इथेच घसरतात. जमीन खरेदी झाली की "आपापल्या नावावर करून टाका" असा आग्रह सुरू होतो. ४८ खरेदीखतं झाली की संस्थेच्या हातात काही उरत नाही. पहिल्या दोन वर्षांत आठ-दहा सभासद नफा घेऊन प्लॉट विकतात, घेणारा बांधत नाही, रस्त्याच्या वर्गणीला कोणी येत नाही. उपविधीतल्या (संस्थेच्या नियमावलीतल्या) हस्तांतर शुल्काने हे थांबत नाही, कारण त्या शुल्कावर सरकारची कमाल मर्यादा आहे: महानगरपालिका हद्दीत २५ हजार रुपये आणि ग्रामपंचायत हद्दीत तर ५ हजार. चार लाखांचा प्लॉट दहा लाखांना विकणाऱ्याला ही रक्कम काहीच नाही. भाव ताब्यात ठेवायचा तर जमीनच संस्थेची ठेवावी लागते आणि अटी भाडेपट्ट्यात लिहाव्या लागतात.

जमीन बघताना

कागद तपासण्याआधी माती आणि पाणी तपासा. वकिलाची फी त्यानंतर.

काळ्या मातीच्या रानात तीन कोपऱ्यांत दोन-दोन मीटर खोल खड्डे घ्या. मुरूम मीटरभरावर लागला तर उत्तम. दोन मीटरवरही काळीच माती असेल तर प्रत्येक घराचा पाया महागणार. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि एप्रिल-मेमध्ये आक्रसते, त्यामुळे खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. शंका असेल तर प्रयोगशाळेत मुक्त फुगवण्याची चाचणी करून घ्या. त्यात चाळलेल्या कोरड्या मातीचे १०-१० ग्रॅम दोन नळ्यांत घेतात, एकीत रॉकेल आणि दुसरीत पाणी घालून २४ तास ठेवतात. रॉकेलमधली माती फुगत नाही. पाण्यातली तिच्यापेक्षा ५० टक्क्यांहून जास्त फुगली तर साधा पाया चालणार नाही. मग मुरमापर्यंत खोदून भराव करा किंवा साधारण साडेतीन मीटर खोल, तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल घ्या. जमीन एकरी दोन लाखांनी स्वस्त मिळाली तर दोन एकरांत वाचतात चार लाख, आणि ४८ पायांना लागणारा जादा खर्च त्याच्या कितीतरी पुढे जातो.

पाण्याचा अंदाज ऑगस्टमध्ये घेऊ नका. दुष्काळी वर्षाच्या मे महिन्यात शेजारच्या विहिरी-बोअरला काय होतं ते विचारा. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे विसरायचं नाही. ४८ कुटुंबं, कुटुंबामागे पाच माणसं, माणशी १०० लिटर म्हणजे रोज २४ हजार लिटर. आठ तास पंप चालवला तर ताशी ३ हजार लिटर लागतात. तपासायची सोपी रीत अशी: बोअर सलग चार तास चालवा आणि त्यानंतर २०० लिटरचा बॅरल भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. चार मिनिटांत भरला तर ताशी ३ हजार लिटर मिळतात. सुरुवातीच्या दहा मिनिटांचा जोर बघून कोणी हुरळून जाऊ नये, तो साठलेल्या पाण्याचा असतो. पाण्याचा नमुनाही तपासा. आपल्याकडे काही पट्ट्यांत फ्लोराईड जास्त आहे. लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवं, पर्याय नसेल तर कमाल १.५ पर्यंत.

बाकीच्या गोष्टी झटपट बघून घ्या: वरून उच्चदाबाची तार जाते का, ओढ्याची पूररेषा कुठवर आहे, महामार्गाची नियंत्रण रेषा आत येते का, आणि रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मर्जीवर चालणारी गाडीवाट आहे.

कागद: इथला इतिहास वेगळा आहे

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, म्हणून जमिनीचे कायदे आणि जुनी कागदपत्रं उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळी आहेत. पुण्या-मुंबईच्या पद्धतीने ३० वर्षांचा शोध अहवाल घेतला की झालं, असं इथे चालत नाही. सातबारा आणि फेरफारांच्या साखळीबरोबर १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक आणि सेतवार ही जमिनीची जुनी दप्तरं काढाच. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नकला मिळतात.

या नकलांत पुढील खुणा शोधा:

– इनाम, मदतमाश, खिदमतमाश (निर्वाहासाठी किंवा सेवेबद्दल दिलेली इनामं) किंवा देवस्थान असा उल्लेख. ही जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी असू शकते. ती वर्ग १ झाल्याचा आदेश आणि नजराणा (त्यासाठी सरकारला द्यायची रक्कम) भरल्याची पावती दोन्ही हातात आल्याशिवाय इसार देऊ नका. देवस्थान आणि वक्फच्या जमिनीपासून चार हात लांबच राहा, भाव कितीही कमी असो.

– संरक्षित कूळ किंवा '३८-ई'. हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने कुळाला मिळालेल्या या जमिनी असतात आणि कलम ५०-ब नुसार त्यांच्या विक्रीवर बंधन असतं. मालकी मिळून दहा वर्षं झाली असतील तर शेतसाऱ्याच्या आकारणीच्या ४० पट नजराणा भरून त्या मोकळ्या करण्याची तरतूद आहे. विकणाऱ्यानेच ते आधी करून द्यावं.

– वारस. बाप गेला, दोन भावांची नावं लागली आणि तीन बहिणींचं नाव कुठेच नाही, असा सातबारा घरोघरी सापडतो. बहिणींचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र किंवा खरेदीखतावर त्यांच्या सह्या घ्या. "त्यांना काही नको आहे" हे भावाचं तोंडी वाक्य कोर्टात टिकत नाही.

वृत्तपत्रात १५ दिवसांची जाहीर नोटीस द्या आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून 'क' प्रत (मोजणीचा नकाशा) घ्या. सातबाऱ्यावर ८० गुंठे आणि जागेवर ७६ भरले, असं सर्रास होतं. साठेखतात (खरेदीआधीच्या करारात) "मोजणीत भरेल त्या क्षेत्राप्रमाणे किंमत" हे वाक्य असलं तर ती चार गुंठ्यांची किंमत वाचते.

साठेखत कसं लिहायचं

गृहनिर्माण संस्था शेतकरी नसते, त्यामुळे साधी शेतजमीन तिला थेट घेता येत नाही. तुकडेबंदीही आडवी येते. जुने तुकडे नियमित करायची सोय सरकार करतं म्हणून नवा व्यवहार तसाच करायचा, हा शहाणपणा नव्हे. सरळ मार्ग असा: मालकाशी नोंदणीकृत साठेखत करा, मालकाच्या नावाने अकृषिक सनद (शेतीशिवाय वापराची परवानगी) आणि रेखांकनाची, म्हणजे प्लॉट-रस्त्यांच्या आराखड्याची मंजुरी घ्या (खर्च संस्थेचा), आणि मग खरेदीखत संस्थेच्या नावावर करा. जमीन विकास योजनेच्या रहिवासी विभागात असेल, किंवा गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल, तर महसूल संहितेच्या ४२-अ ते ४२-ड कलमांमुळे हे काम बरंच सोपं होतं. म्हणून जागा शोधतानाच झोन दाखला काढा.

साठेखतात "ताबा दिला" असं लिहू नका. तसं लिहिलं की तो दस्त मुद्रांकाच्या दृष्टीने खरेदीखतच धरला जातो आणि मंजुरी यायच्या आधीच पूर्ण शुल्क भरावं लागतं. मंजुरी नाकारली गेली तर किती दिवसांत पैसे परत, कोणत्या व्याजाने, हेही त्यात घाला.

मालकाला पैसे टप्प्याने द्या. एकरी ६० लाख धरले तर दोन एकरांचे १ कोटी २० लाख होतात. त्यातले १२ लाख साठेखताला, ३० लाख अकृषिक आदेशाला, ३० लाख रेखांकन मंजूर झाल्यावर आणि ४८ लाख खरेदीखताच्या दिवशी. एकूण मुदत १८ महिने धरा. मालकाला घाई असते, पण एकरकमी देणारा गिऱ्हाईक त्यालाही रोज भेटत नाही. रोखीने काही देऊ नका. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यापुढची रक्कम रोख घेतली तर आयकराचा तेवढाच दंड बसू शकतो, आणि "वरचे पैसे" दिल्याचा पुरावा संस्थेकडे कधीच राहत नाही.

संस्थेची नोंदणी

तालुका किंवा शहराच्या उपनिबंधकांकडे मुख्य प्रवर्तकाने नाव आरक्षणासाठी आणि बँक खातं उघडण्याच्या परवानगीसाठी अर्ज करायचा. गृहनिर्माण संस्थेला किमान पाच सभासद किंवा मंजूर आराखड्यातल्या एकूण भूखंडांच्या ५१ टक्के खरेदीदार, यांपैकी जो आकडा मोठा तेवढे अर्जदार लागतात. ४८ भूखंडांसाठी म्हणजे २५. प्रत्येकाकडून १०० रुपये प्रवेश फी आणि ५० रुपयांचे दहा भाग असे ५०० रुपये भागभांडवल घ्या. मुख्य प्रवर्तक असा माणूस निवडा जो जमिनीच्या दलालीत नाही, आणि बँकेत तीन सह्यांपैकी दोन आवश्यक ठेवा.

भागपत्र पती-पत्नी दोघांच्या नावावर काढा. नंतर नाव घालायला गेलं की शुल्क, अर्ज, आणि घरातली कुरबूर.

पैसा: ऐपतवाल्यांचा हात आणि बाकीच्यांचा हप्ता

दोन एकर म्हणजे ८० गुंठे, ८,०९४ चौरस मीटर. ४,००० चौरस मीटर आणि त्यापुढच्या रेखांकनात १० टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे ८०९ चौरस मीटर. रस्त्यांना सुमारे २,००० जातात. १५० मीटर लांबीपर्यंतच्या आतल्या रस्त्याला ९ मीटर रुंदी लागते, म्हणून एकच लांब रस्ता काढण्यापेक्षा ११० मीटरचे दोन काढा. उरलेल्या ५,२८५ मध्ये १०० चौरस मीटरचे ४८ भूखंड आणि बोअर, टाकी, विजेच्या डीपीसाठी ४८५ चौरस मीटर.

खर्च असा धरा. जमीन १ कोटी २० लाख. मुद्रांक ६ टक्क्यांनी ७ लाख २० हजार (भागानुसार ५ ते ७ टक्के), नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३० हजार. मोजणी, सनद, वास्तुविशारद, रेखांकन साडेसहा लाख. इथवर १ कोटी ३४ लाख. मग रस्ते १५ लाख, गटार ८, बोअर-टाकी-पाइपलाइन ९, खांब आणि डीपी १०, असे ४२ लाख. अडीअडचणीसाठी १६ लाख. एकूण १ कोटी ९२ लाख, भागिले ४८, सभासदी ४ लाख. राखीव ठेवायला कोणी विरोध केला तर त्याला डीपीचं एस्टिमेट दाखवा, ते पहिल्या आकड्यावर क्वचितच थांबतं.

आता ४ लाख सगळ्यांकडे एकदम नसतात. गटात नोकरदार, निवृत्त शिक्षक, पुण्यात कामाला असलेली गावची पोरं असतात, तशाच अंगणवाडी सेविका, रिक्षावाले, मोंढ्यातले हमालही असतात. यात समाजाचं भान असलेली गुंतवणूक कुठे येते ते बघा. १२ सभासद पूर्ण ४ लाख आधी भरतात: ४८ लाख. उरलेले ३६ जण १ लाख भरतात: ३६ लाख. ३६ जणांचा महिना ५ हजारांचा हप्ता १८ महिने: ३२ लाख ४० हजार. आणि ते १२ जण प्रत्येकी दीड लाखाची ठेव संस्थेला देतात: १८ लाख. बेरीज १ कोटी ३४ लाख ४० हजार, म्हणजे खरेदीखतापर्यंतचा खर्च निघाला. पुढच्या ४२ हप्त्यांतून ७५ लाख ६० हजार येतात. त्यातून १८ लाखांच्या ठेवी परत करा, उरलेल्यात आधीची शिल्लक मिळवून वसाहतीची कामं आणि राखीव निधी, मिळून ५८ लाख, बरोबर बसतात.

आधी भरणाऱ्यांना फुकट राबवू नका, तेही टिकत नाही. या १२ जणांनी बाकीच्यांच्या आधी भरलेल्या ३-३ लाखांवर, घटत्या शिलकीने, ७ टक्के धरले तर पाच वर्षांत ढोबळ ६ लाख ३० हजार होतात. हप्ता ५ हजारांऐवजी ५ हजार ३०० ठेवला की ६ लाख ४८ हजार जमतात आणि हिशेब मिटतो. १८ लाखांच्या ठेवीचं व्याज राखीव निधीतून द्या. बाजारात खासगी सावकार शेकडा दोन-तीन रुपये महिना घेतो, त्यापुढे ३०० रुपये कोणाला जड जात नाहीत.

पैसेवाला संस्था बळकावेल ही भीती कायद्यानेच बरीच कमी केली आहे: एका सभासदाला एकच मत, एकाकडे एकूण भागभांडवलाच्या एक पंचमांशाहून जास्त भाग नाहीत आणि लाभांश १५ टक्क्यांच्या वर नाही. ठेव घेण्याची तरतूद मात्र उपविधीत हवी, तिची मर्यादा पाळायला हवी आणि ठेव फक्त सभासदांकडूनच घ्यायची. बाहेरच्यांकडून "प्लॉट बुकिंग" म्हणून पैसे गोळा केले की अनियमित ठेव योजना बंदी कायदा (२०१९) आणि राज्याचा ठेवीदार संरक्षण कायदा (१९९९) लागू होऊ शकतात. भूखंड बाहेरच्यांना विकणार असाल, जाहिरात करणार असाल, तर महारेरा (राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) नोंदणीही बघावी लागते. विकणार नसलात तरी महारेराची ७० टक्क्यांची शिस्त घ्या: जमा रकमेचे ७० टक्के वेगळ्या खात्यात, आणि अभियंता व सीए यांच्या दाखल्याशिवाय त्यातून पैसा काढायचा नाही.

पैसा कुठे ठेवायचा, हा मराठवाड्यात हळवा विषय आहे. जादा व्याजापायी मल्टिस्टेट (बहुराज्य सहकारी) संस्थांत आणि पतसंस्थांत कितीतरी लोकांची पुंजी अडकली. पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेत आहे, पण एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंतच, आणि ४८ जणांची संस्था विम्याच्या लेखी एकच ठेवीदार असते. जिल्हा बँकेची तब्येत नाजूक असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेत खातं ठेवण्याची परवानगी उपनिबंधकांकडे मागा. सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे पैसा पडूनच न ठेवणं: १२ जणांची रक्कम पहिल्याच दिवशी गोळा करू नका, मालकाच्या टप्प्याच्या १५ दिवस आधी मागवा.

हप्ता चुकणं ठरलेलंच आहे. पावसाने ओढ दिली की हमालाचा आणि शेतमजुराचा हप्ता आधी तुंबतो. दरमहा प्रत्येकी १०० रुपयांचा अडचण निधी वेगळा ठेवा. ४८ जणांचे महिन्याला ४,८०० होतात, वर्षाला ५७,६००, आणि त्यातून एका वेळी तिघा-चौघांचे दोन-तीन हप्ते उसने भागतात. त्यापलीकडे तीन हप्ते थकले की लेखी नोटीस. सभासद काढायचा झाला तर सर्वसाधारण सभेत तीन चतुर्थांश मतांचा ठराव आणि निबंधकांची मान्यता लागते, म्हणून "आजपासून तुझं नाव कमी" असं अध्यक्षाने पारावर बसून म्हणायला अर्थ नाही. बाहेर पडणाऱ्याला किती दिवसांत किती परत द्यायचं हे पहिल्याच सभेत ठरवून इतिवृत्तात घाला.

भूखंडाचं वाटप सोडतीने करा. जास्त पैसे भरणाऱ्याला कोपऱ्याचा प्लॉट दिला की पहिली फूट पडते. कोपऱ्याच्या भूखंडाला ठरावीक जादा रक्कम लावा आणि ती रक्कम सामाईक निधीत टाका.

भाडेपट्टा

खरेदीखत संस्थेच्या नावावर झालं, फेरफार मंजूर झाला, की प्रत्येक सभासदाला ९९ वर्षांचा नोंदणीकृत भाडेपट्टा द्या. इथे एक खर्च आडवा येतो जो बऱ्याच गटांना उशिरा कळतो: २९ वर्षांहून मोठ्या भाडेपट्ट्याला बाजारमूल्याच्या ९० टक्क्यांवर मुद्रांक लागतो. चार लाखांच्या भूखंडाला ३ लाख ६० हजारांवर ६ टक्के, म्हणजे २१,६०० आणि वर १ टक्का नोंदणी फी ३,६००. हे पैसे वरच्या ४ लाखांत नाहीत, सभासदाला सुरुवातीलाच सांगा. कमी मुदतीचा पट्टा करून "पुढे आपोआप नूतनीकरण" असं लिहिलं तर नूतनीकरणाची मुदतही मोजली जाते. मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी टाकून शुल्क आधीच ठरवून घेणं बरं. हा २५ हजारांचा जादा भार पडला तरी पट्टाच करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याशिवाय पुढच्या अटींना दात राहत नाहीत.

अटी थोड्या आणि पाळता येतील अशा ठेवा. तीन वर्षांत किमान एक खोली, संडास-न्हाणी यांसह राहण्याजोगं बांधकाम. दुसऱ्या नावाने दुसरा भूखंड नाही. विकायचं झालं तर आधी संस्थेला लेखी देकार, ९० दिवसांची मुदत, आणि भूखंडाची किंमत ठरवण्याचं सूत्र: भरलेली रक्कम अधिक वर्षाला सरळ ६ टक्के. बांधलेल्या घराची किंमत मूल्यांककाकडून वेगळी. संस्था प्रतीक्षा यादीतल्या कुटुंबाला त्याच भावात देते. वारसाला घर मिळण्यावर काहीच बंधन नको, ते स्वच्छ लिहा, नाहीतर म्हातारी माणसं सही करत नाहीत. सूत्र कागदावर उदाहरणासह मांडा: ४ लाखांचा भूखंड दहा वर्षांनी ६ लाख ४० हजार.

बँकेला भाडेपट्टा चालतो, पण ती तीन गोष्टी बघते: पट्ट्याची उरलेली मुदत कर्जाच्या मुदतीहून बरीच जास्त आहे का, संस्थेचं तारण ना-हरकत पत्र आहे का, आणि कर्ज थकलं तर बँकेला घर विकता येईल का. शेवटच्यासाठी पट्ट्यातच लिहा की बँकेच्या जप्ती विक्रीतही संस्थेला आधी विचारलं जाईल, पण ३० दिवसांत संस्थेने घेतलं नाही तर बँक मोकळी. हे वाक्य नसेल तर फाइल परत येते.

घर बांधताना

शहरी हद्दीत प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० खाली वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आणि देशात कुठेही पक्कं घर नसलेल्या कुटुंबाला स्वतःच्या जागेवर ३० ते ४५ चौरस मीटरचं घर बांधायला केंद्र-राज्य मिळून अडीच लाखांपर्यंत अनुदान आहे. कर्जाने घर घेणाऱ्याला व्याज अनुदानाचा वेगळा घटक आहे: ९ लाखांपर्यंत उत्पन्न, पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर ४ टक्के, एकूण १ लाख ८० हजारांपर्यंत, पाच वार्षिक हप्त्यांत. दोन्ही एकत्र मिळत नाहीत. ग्रामीण हद्दीत आवास योजना ग्रामीणचे मूळ १ लाख २० हजार. अनुसूचित जातींसाठी रमाई, जमातींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत या योजना आहेत. जागेची मालकी संस्थेची आणि सभासदाकडे पट्टा, ही रचना चालते का, हे नगरपालिकेच्या किंवा पंचायत समितीच्या घरकुल कक्षाकडून लेखी घ्या. भाडेपट्टा नोंदवण्याआधी.

४५ चौरस मीटर म्हणजे ४८४ चौरस फूट. ढोबळ मानाने चौरस फुटाला ०.४ पोती सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो सळई, म्हणजे घरामागे जवळपास २०० पोती आणि पावणेदोन-दोन टन लोखंड. दहा घरं एकदम काढली तर डीलरकडे भाव तोडता येतो, पण २,००० पोती एकदम उतरवू नका. तीन महिने पडलेल्या सिमेंटची ताकद कमी होते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब, दहापेक्षा उंच थप्पी नाही. पाया उघड्या काळ्या मातीत पावसात भिजू देऊ नका. खोदाई आणि जोतं दिवाळीनंतर घेतलं तर क्युरिंगलाही पाणी असतं, मार्च-एप्रिलला टँकरच्या पाण्याने स्लॅब भिजवणं खिशाला आणि स्लॅबलाही परवडत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारी पट्ट्यात जी घरं पडली ती मुख्यतः मातीत रचलेल्या दगडी भिंतींची आणि वर जड माळवद असलेली होती. म्हणून जोत्यावर, लिंटेलच्या पातळीवर आणि छताखाली अशा तीन आरसीसी पट्ट्या सलग घ्या, कोपऱ्यात सळई वळवून पुढे न्या. घरमालक पैसे वाचवायला लिंटेलची पट्टी फक्त दार-खिडकीपुरती घालतो, तिथे संस्थेच्या अभियंत्याने काम थांबवावं. घराभोवती मीटरभर रुंद काँक्रीटचा उतरता पट्टा घाला, पावसाचं पाणी पायाशी मुरलं नाही की काळी माती निम्मी गप्प बसते.

दरवर्षीचं दप्तर

आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत, ३१ जुलैपर्यंत लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा. सभेपुढे ठेवींची यादी, हप्त्यांची थकबाकी आणि अडचण निधीचा जमाखर्च नावानिशी ठेवा. घर पूर्ण झाल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला किंवा पालिकेच्या कर आकारणीत सभासदाचं नाव घराचा मालक म्हणून आणि संस्थेचं नाव जागेची मालक म्हणून लागतं आहे ना, ते उतारा काढून तपासा. कारकून सवयीने दोन्हीकडे एकच नाव घालतो, आणि ती चूक पहिल्या वारसनोंदीपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. आतले रस्ते स्थानिक स्वराज्य संस्थेकडे नोंदणीकृत दस्ताने हस्तांतरित करा म्हणजे पुढची दुरुस्ती त्यांच्या अंगावर जाते. बोअर आणि टाकी मात्र नळ योजनेचं पाणी वर्षभर, मे महिन्यासकट, नियमित येईपर्यंत संस्थेकडेच ठेवा.